स्कॅनर बिघडलेला नव्हताच

"स्कॅनर गेलाय तुमचा. भंगारात टाका अन् ऑल-इन-वन घेऊन जा." काचेवर एक कागदसुद्धा न ठेवता बार्शीच्या दुकानदाराने हा निकाल दिला आणि वर चेकिंगचे 300 रुपये घेतले. याच माणसाने विंडोज 11 चा कॉम्प्युटर विकताना 'तुमचं जुनं सगळं चालेल' म्हणून सांगितलं होतं.

सोनारीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. कुणबी दाखल्यासाठी लोक निजामाच्या काळातले कागद घेऊन येतात. कुठे उर्दू, कुठे मोडी, घडीवर विरलेले. असा कागद फीडरमध्ये घातला तर फाटणारच, आणि मोबाइलने फोटो काढला तर सावली पडते. त्याला सपाट काचेचाच स्कॅनर पाहिजे. माझा कॅननचा लाइड 20 त्याच कामाचा. वीज यूएसबीच्या वायरीतूनच घेतो, त्यामुळे लाइट गेली तरी लॅपटॉपवर चालतो.

खरा प्रकार भाच्यामुळे उघड झाला. त्याने पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम सुरू केली, काहीही इन्स्टॉल न करता. 'डॉक्युमेंट स्कॅनर' उघडून बटण दाबलं, तशी काचेखालची पट्टी उजळली आणि घर्र करत पुढे सरकली. एका आजोबांचा जुना उतारा स्क्रीनवर ओळीओळीने उमटत गेला, शिक्क्याच्या कडेसकट. मशीन ठणठणीत होतं! विंडोज 11 फक्त 64-बिटमध्ये येते, लाइड 20 चा ड्रायव्हर 32-बिटचा, अडचण एवढीच. धंदा करणाऱ्याला हे माहीत नसावं? फोन केला तर म्हणाला, "आम्ही लिनक्स-बिनक्स बघत नाही." पैशांचा विषय काढताच फोन ठेवला. संताप येतो तो याचा.

तेव्हा नवा कॉम्प्युटर घेण्याआधी स्कॅनर सोबत न्या आणि दुकानातच चालवून बघा. बिलावर तसं लिहून घ्या. तोंडी शब्दाला किंमत नाही. या जातीच्या स्कॅनरला तळाशी कुलपाची कळ असते. प्रवासात ती लावतात आणि सोडायची राहते, मग पट्टी हलत नाही. ती आधी बघा. वायर मागच्या पोर्टला थेट लावा, हबमधून नको. 'ड्रायव्हर फुकट' म्हणणाऱ्या अनोळखी साइटवरून काहीही उतरवू नका. त्या कॉम्प्युटरवर लोकांचे आधार असतात.

विंडोजच हवं असेल तर व्ह्यूस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते विकत घ्यावं लागतं, पण ट्रायल फुकट आहे. ट्रायलच्या स्कॅनवर डॉलरच्या खुणा उमटतात. चालतंय एवढं कळलं की मगच पैसे भरा. मी मात्र एक जुना लॅपटॉप मिंट टाकून स्कॅनिंगलाच ठेवलाय. विंडोज 7 चं जुनं मशीन ठेवणार असाल तर त्याला नेट लावू नका. त्याचे सुरक्षेचे अपडेट 14 जानेवारी 2020 लाच थांबले. बाकी काच स्वच्छ ठेवा, बॅकअप घ्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आणि चालता स्कॅनर कुणी भंगारात काढायला सांगितला, तर त्याच्यासमोरच मिंटचा पेन ड्राइव्ह लावा. तोवर चेकिंगचा एक रुपया देऊ नका.