पाहिले ते लिहिले

मुलांनो, जालना शहराबाहेर पडून अंबडच्या किंवा भोकरदनच्या रस्त्याला लागलात, की विजेच्या तारेवर नाहीतर म्हशीच्या पाठीवर बसलेला एक काळाकुळकुळीत पक्षी दिसतो. त्याची शेपटी टोकाला दुभागलेली असते. हा कोतवाल. त्याचा एक भाऊबंद दाट जंगलात राहतो. त्याचे नाव भृंगराज. भृंगराजाच्या शेपटीतील दोन पिसे तारेसारखी लांब असतात आणि प्रत्येक तारेच्या टोकाला पिसाचे छोटेसे पान असते. तो उडू लागला, की दोन काळे भुंगे त्याच्या मागे लागले आहेत असे वाटते. या शेपटीवरून एकदा दोन माणसांमध्ये पत्रव्यवहार झाला. त्यांपैकी एक होते डॉ. सलीम अली.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच वारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. छोट्या सलीमजवळ एक हवेची बंदूक होती. एकदा त्याने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा पक्षी खाण्यास चालेल का, असा प्रश्न त्याला पडला. मामांनाही तो पक्षी ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन सलीमला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथील चिटणीस मिलार्ड यांनी पक्ष्याचे नाव सांगितले आणि कपाटे उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. मुलगा थक्क झाला.

याच सुमारास, वयाच्या दहाव्या वर्षी, सलीम नोंदी लिहू लागला. उर्दूत आपण ज्याला रोजनामचा म्हणतो, तसेच काहीसे. त्यातील एक नोंद प्रसिद्ध आहे. चिमणीचे घरटे एका भोकात होते. मादी अंड्यांवर बसलेली आणि नर बाहेर खिळ्यावर पहाऱ्याला. सलीमने तो नर मारला. थोड्याच वेळात त्या जागी दुसरा नर येऊन बसला. तोही मारला, तर तिसरा आला. सात दिवसांत आठ नर मारले गेले, आणि प्रत्येक वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला.

ही नोंद वाचताना त्या आठ नरांचे वाईट वाटते. पुढे पक्ष्यांच्या रक्षणासाठी झटणाऱ्या सलीम अलींना ती लपवता आली असती. पण सुमारे साठ वर्षांनी त्यांनी ती जवळजवळ जशीच्या तशी छापू दिली. मुलाने जे पाहिले होते, ते खरे होते.

आता भृंगराजाकडे वळू. ह्यू व्हिसलर हे पंजाबातील निवृत्त इंग्रज पोलीस अधिकारी. भारतीय पक्ष्यांविषयी त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. भृंगराजाच्या लांब पिसाच्या टोकाला आतल्या बाजूचे केस नसतात, असे त्यांनी लिहिले होते. सलीम अलींनी कळवले, की ही चूक जुन्या पुस्तकांतून चालत आली आहे. पिसाच्या दांडीला टोकाजवळ पीळ असतो, त्यामुळे आतली बाजू बाहेर आल्यासारखी दिसते. कोण कुठला हा सलीम अली, आणि तो आपली चूक काढतो! व्हिसलर रागावले. त्यांनी सोसायटीच्या संपादकांना तिखट पत्रे लिहिली. पण मग त्यांनी आपल्या संग्रहातील पिसे पुन्हा काढून पाहिली. पीळ होता! त्यांनी चूक कबूल केली, आणि दोघे जन्माचे मित्र झाले.

सलीम अली जर्मनीत शिक्षण घेऊन १९३० मध्ये परतले, तेव्हा त्यांची नोकरी गेलेली होती. हातात काम नाही. तेव्हा त्यांनी एक योजना मांडली : संस्थानिकांनी फक्त प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च द्यावा, पक्ष्यांची पाहणी मी बिनपगारी करीन. पहिली पाहणी झाली ती निजामाच्या हैदराबाद संस्थानात, १९३१-३२ साली. आपले जालना तेव्हा याच संस्थानात होते. बैलगाडी, तंबू, कंदील असा संसार. उर्दू शायरीची आवड असलेल्या त्यांच्या पत्नी तहमीना बेगम यांनीही मुंबई सोडून हे रानातले जीवन आनंदाने पत्करले. दिवसा पाहायचे, संध्याकाळी लिहायचे. किती पाहिले, कुठे पाहिले, काय खात होते, घरटे होते का. आठवणीवर विसंबून दुसऱ्या दिवशी लिहिलेले तितकेसे खरे उतरत नाही. तुम्हीही करून पाहा, म्हणजे कळेल.

या पाहणीचा अहवाल १९३३-३४ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सलीम अलींच्या नोंदींबरोबर त्यात आणखी एका माणसाची टिपणे छापलेली आहेत. ती इंग्लंडहून लिहून पाठवली होती ह्यू व्हिसलर यांनी.

स्वाध्याय

१. मामांनी सलीमला सोसायटीत का पाठवले?
२. व्हिसलर आधी का रागावले आणि नंतर त्यांनी काय केले?
३. तुमच्या घराजवळचा एक पक्षी पंधरा मिनिटे पाहा. जे दिसले, तेवढेच त्याच दिवशी पाच वाक्यांत लिहा. तारीख व वेळ घालण्यास विसरू नका.