जर्मनीला निघालेल्या भाचीला

पोरी, परवा तुला भेटायला जो जो आला त्याने एकच सांगितलं : नीट अभ्यास कर, उगाच हिंडू नकोस. मी गप्प बसलो, कारण मला ते पटत नाही. कुसगावात इंजिनिअरिंग करताना तू पावसाळ्यात विसापूरला जायचीस, राजमाचीला मुक्काम करायचीस, कुरवंड्याहून नागफणीला चढायचीस, आणि तरी फर्स्ट क्लास काढलास. तुला म्युनिकच्या एका खोलीत दोन वर्षं कोंडलं तर आधी अभ्यासच बिघडेल. तेव्हा हिंड. कसं हिंडायचं ते मात्र ऐकून जा. यातलं थोडं माझं आहे, बरंचसं आमच्या लेकीने तिथे राहून शिकलेलं.

आधी तारखा. रेल्वेत गार्ड म्हणून आयुष्य गेलं माझं. ब्रेक तपासल्याशिवाय गाडी घाटात सोडायची नसते, तसं परीक्षेच्या तारखा हातात आल्याशिवाय फिरायचं तिकीट काढायचं नाही. तिथल्या हिवाळी सेमिस्टरचे तास ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात, उन्हाळी सेमिस्टरचे एप्रिल ते जुलै. मधल्या महिन्यांना आपली मुलं सुट्टी समजतात. ती सुट्टी नव्हे. तास नसतात इतकंच. परीक्षा आणि रिपोर्ट सगळे त्याच दिवसांत येऊन पडतात. शिवाय परीक्षेसाठी पोर्टलवर मुदतीत आपणच नाव नोंदवायचं असतं. लेट फी घेऊन फॉर्म पुढे सरकवणारा क्लार्क तिथे भेटेल या भरवशावर राहू नकोस. आणि बऱ्याच विद्यापीठांत एका विषयाला मोजक्याच संधी मिळतात. त्या संपल्या की तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. तुझ्या कोर्सचा नियम पहिल्याच आठवड्यात वाचून काढ.

हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिही. जे कोरं राहील ते तुझं, त्यावर कुणाचा हक्क नाही, माझाही नाही. नाताळचे दिवस असतात, मे-जूनमध्ये पेंटेकॉस्टची सुट्टी असते, पण डोंगरासाठी खरा काळ ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. वरचं बर्फ बरंचसं वितळलेलं असतं. डिसेंबरात म्युनिकला साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा त्या दिवसांत लांबच्या वाटा नकोत. रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी वाणसामान आणि अभ्यास दोन्ही उरकलं असेल तर रविवारी पुस्तक नाही उघडलंस तरी चालेल.

पैशाचं सांगतो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला भरलेले ११,९०४ युरो म्हणजे महिन्याला ९९२. ते घरभाडं, विमा आणि जेवणाचे आहेत, फिरण्याचे नाहीत. म्युनिकच्या भाड्यात त्यातले किती उरतील ते तुला कळेलच. फिरण्याचा पैसा कामातून काढ. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पण मर्यादा आहे म्हणून ती पुरी भरलीच पाहिजे असं नाही. पहिल्या सेमिस्टरला काम घेऊच नकोस, असं माझं मत आहे. देशभर चालणारं मासिक तिकीट २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, आता ६३ ला आहे, विद्यार्थ्यांना सवलतीत मिळतं. ते लोकल आणि रिजनल गाड्यांना चालतं, वेगवान आयसीईला नाही. तुला काय, पुणे-लोणावळा लोकलमध्ये अभ्यास करायची सवय आहेच.

परदेशातला काळ किती तोलून वापरायचा असतो हे बघायचं तर बाबासाहेबांकडे बघ. तळेगाव दाभाड्याला त्यांचा बंगला आहे, शाळेच्या सहलीत पाहिला असशील. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांत, ते कोलंबिया विद्यापीठात गेले. मुदत तीन वर्षांची. शिष्यवृत्ती संपली तेव्हा पुढे लंडनला सुरू केलेला अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये परतावं लागलं. निघताना त्यांनी चार वर्षांत परत येण्याची परवानगी मात्र घेऊन ठेवली होती. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एससी. झाले. लोक त्यांच्या अठरा-अठरा तासांच्या वाचनाचं सांगतात. मला ती परवानगी जास्त मोलाची वाटते. वेळेवर घेतलेला एक कागद, त्याने पुढचा रस्ता उघडा ठेवला.

तुझ्याही कागदांचं तसंच आहे. खोली मिळाली की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची. रेसिडन्स परमिटची अपॉइंटमेंट मिळायला महिने लागू शकतात, तोवर देशाबाहेरची तिकिटं काढू नकोस. परमिट हातात आलं की शेंगेनमधल्या इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. इंग्लंड त्यात नाही, त्याला वेगळा व्हिसा. स्वित्झर्लंड त्यात आहे, पण तिथे युरोपीय संघाचं रोमिंग लागू होत नाही. सीमा ओलांडताना डेटा बंद कर आणि नकाशा आधीच उतरवून घे, नाहीतर फोनचं बिल ट्रिपच्या वर जाईल.

आता डोंगर. इथे मला तुझी काळजी वाटते ती तू कच्ची आहेस म्हणून नव्हे, तू पक्की आहेस म्हणून. मावळातला पाऊस, धुकं, निसरडा कातळ तुला कळतो. बर्फ तुला कळत नाही. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ती बाहेरून आलेली होती, इथलं पाणी किती भरभर वाढतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. आल्प्समध्ये ती बाहेरची पाहुणी तू असशील. हिमस्खलनाचा इशारा एक ते पाच अशा आकड्यांत देतात. तीन म्हणजे मधला, चालून जाईल, असं समजू नकोस. तीनला धोका भरपूर असतो.

वाटेच्या खुणाही नीट शीक. जर्मनीच्या डोंगरात निळी वाट सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. स्वित्झर्लंडमध्ये साध्या वाटेला पिवळी खूण, डोंगरवाटेला पांढरा-लाल-पांढरा पट्टा आणि सर्वांत कठीण अल्पाइन वाटेला पांढरा-निळा-पांढरा. म्हणजे निळा रंग सीमेच्या अलीकडे सोपा आणि पलीकडे जिवावरचा. पाट्यांवर वेळ लिहिलेली असते, तीत बसण्या-खाण्याचा वेळ धरलेला नसतो. वर जाण्याआधी शेवटची केबलकार कितीला खाली येते ते विचार. अडकलीस तर ११२ लाव. रेंज नसेल तर मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा बॅटरी, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. उलट मिनिटाला तीन इशारे आले की समज, कुणीतरी ऐकलंय.

आपल्याकडे कुणी अडकलं की शिवदुर्ग मित्रची पोरं रात्री-अपरात्री दोर घेऊन निघतात, एक पैसा न घेता. तिथे हेलिकॉप्टर येतं आणि विम्यात नसेल तर बिल तुझ्या नावावर येतं. जर्मन अल्पाइन क्लबची सदस्य हो. त्या वर्गणीत डोंगरातल्या बचावाचा विमा असतो, शिवाय बर्फावर चालायला शिकवणारे लोक भेटतात. त्यांच्यासोबत फिरणं एकटीने फिरण्यापेक्षा बरं.

आणखी एक सुचवतो. तुझा विषय बोगदे. एक्स्प्रेसवेच्या मिसिंग लिंकचा जवळपास नऊ किलोमीटरचा बोगदा आपल्या कुसगावात बाहेर पडतो, त्याचं काम तू गच्चीवरून बघत मोठी झालीस. मग पहिली लांबची ट्रिप पॅरिसला कशाला? स्वित्झर्लंडमधलं गोटहार्ड बघ. २०१६ मध्ये सुरू झालेला ५७ किलोमीटरचा रेल्वे बोगदा आहे तो. एकदा जुन्या घाटमार्गाने वरून जा, येताना पोटातून ये. पुढे थीसिसला विषय शोधताना त्याचा उपयोग होईल, आणि झाला नाही तरी मी तुझ्याकडून ऐकीन.

शेवटी, आई घाबरेल म्हणून ट्रिप लपवू नकोस. निघायच्या आधी वाट आणि परतायची वेळ खोलीतल्या मैत्रिणीला आणि आमच्या लेकीला कळव. तुझ्या आईला मी समजावतो. तू फक्त पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षा-नोंदणीची शेवटची तारीख कळली की त्याच दिवशी मला व्हॉट्सअॅपवर पाठव.