सिंधूने काय करावयास हवे होते?

गेल्या वर्षी मराठीच्या तासाला ‘एकच प्याला’ शिकवताना सरांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला : ‘सिंधूची सहनशीलता हा तिचा गुण की दोष?’ वर्गात लगेच दोन तट पडले. कुणी तिला पतिव्रतेचा आदर्श म्हटले, कुणी दुबळी. मी मात्र गप्प बसलो. त्याच सकाळी आईने दादाच्या वर्कशॉपच्या मालकांना फोन करून सांगितले होते, ‘त्याला ताप आहे, आज यायचा नाही.’ दादाला ताप नव्हता. तो रात्रीची पिऊन पडला होता.

त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्यापुरता परीक्षेचा राहिला नाही. मानसशास्त्र हा माझा दुसरा विषय असल्याने मी त्याचे उत्तर दोन्हीकडे शोधू लागलो. जे हाती लागले ते येथे मांडतो.

राम गणेश गडकरी यांचे हे नाटक त्यांच्या निधनानंतर १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी केली. सुधाकर हा हुशार वकील. अपमानाच्या एका क्षणी तळीरामाच्या हातून पहिला प्याला घेतो आणि पुढे सर्वस्व गमावतो. सिंधू माहेरी जात नाही, दळण दळते, नवऱ्याविरुद्ध शब्द काढत नाही. तान्हे बाळ त्याच्या हातून जाते तेव्हाही फौजदारापुढे ती त्याला वाचवते.

आमच्या आईचा ‘ताप’ आणि सिंधूची ती जबानी एकाच जातीची आहेत, हे मला उशिरा कळले. दोन्हींच्या मुळाशी माया आहे. पण त्या मायेचा परिणाम असा की पिणाऱ्याला पिण्याची किंमत मोजावीच लागत नाही. ती घरातली दुसरी माणसे मोजतात. मीही यातून सुटलो नव्हतो. कोपऱ्यावरच्या दुकानातली दादाची उधारी मी माझ्या शिकवणीच्या पैशांतून दोनदा फेडली होती.

उलट टोकाचा उपायही आम्ही करून पाहिला. एका रविवारी मामा, काका, वहिनी असे सगळे बसवून दादाला जाब विचारला. तो म्हणाला, ‘मी काय दारुडा आहे? मनात आलं तर उद्या सोडीन.’ आणि उठून गेला. त्या रात्री तो नेहमीपेक्षा जास्त प्याला. जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली मांडलेला सिद्धांत येथे आठवतो : आपले स्वातंत्र्य कुणी हिरावून घेत आहे असे वाटले की माणूस नेमकी तीच गोष्ट अधिक घट्ट धरतो.

मग मदत नको म्हणणाऱ्याचे करावे काय? याविषयी १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटला. मिलर, मेयर्स व टोनिगन यांनी उपचार नाकारणाऱ्या मद्यपींच्या १३० नातलगांचे तीन गट केले. पहिल्या गटाला ‘अल-अ‍ॅनॉन’च्या विचाराची ओळख करून दिली. मद्यपींच्या कुटुंबीयांची ही संघटना १९५१ पासूनची. दुसऱ्याला, सर्वांनी मिळून मद्यपीसमोर वस्तुस्थिती मांडण्याची तयारी करून दिली. तिसऱ्याला, घरातले रोजचे वागणे बदलण्याचे शिक्षण दिले. उपचाराला तयार झालेल्या मद्यपींचे प्रमाण अनुक्रमे १३, ३० व ६४ टक्के निघाले. मात्र नातलगांचा स्वतःचा त्रास तिन्ही गटांत सारखाच कमी झाला, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ‘अल-अ‍ॅनॉन’चा हेतूच मुळी घरच्यांना सावरण्याचा आहे.

तिसऱ्या पद्धतीचे सार मी माझ्या शब्दांत सांगतो. माणूस प्यालेला असताना वाद घालू नये. तो शुद्धीत असेल त्या वेळी त्याच्याजवळ बसावे, त्याच्या आवडीचे काही करावे. प्यालेला असताना तेथून दूर व्हावे. त्याच्यासाठी खोटे बोलू नये, उधारी फेडू नये. ‘तू असा आहेस’ म्हणण्याऐवजी ‘मला काळजी वाटते’ म्हणावे. उपचाराचा पत्ता तयार ठेवावा, कारण पश्चात्तापाचा क्षण फार थोडा वेळ टिकतो.

दोन इशारे मात्र दिलेच पाहिजेत. घरात मारहाण होत असेल तर आधी स्वतःला व मुलांना सुरक्षित जागी न्यावे. सिंधूचे बाळ विसरू नये. आणि रोज भरपूर पिणाऱ्याला ‘आजपासून बंद’ अशी शपथ घरच्या घरी घालू नये. दारू एकाएकी तुटली तर फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार होतात, प्रसंगी जिवावर बेतते. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. पुण्याचे १९८६ साली सुरू झालेले ‘मुक्तांगण’ अशाच कामासाठी आहे. सरकारची १४४१६ ही ‘टेलि-मानस’ दूरध्वनी सेवाही २०२२ पासून विनामूल्य चालू आहे. तेथे घरच्यांनीही बोलावे.

आता सरांच्या प्रश्नाकडे वळतो. सिंधूची माया हा दोष नव्हे. तिचे एकटेपण हा दोष होता आणि तोही तिचा नव्हे. सुधाकर मध्यंतरी दारू सोडून कामासाठी फिरतो तेव्हा कुणी त्याच्यावर विश्वास टाकत नाही आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. तो प्याला त्याच्या हाती देण्यात समाजाचाही वाटा आहे.

आमच्या आईने आता फोन करणे सोडले आहे. पहिल्या वेळी तिचा हात थरथरत होता. दादाचे दोन दिवसांचे पैसे कापले गेले. तो आमच्याशी आठवडाभर बोलला नाही. मी संध्याकाळी त्याच्यासोबत कॅरम खेळतो, तो शुद्धीत असेल तेव्हाच. गेल्या महिन्यात तो एकदा माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आला. पुढच्या तारखेला आला नाही. तारीख पुन्हा घेऊन ठेवली आहे. ती कॅलेंडरवर लिहिली आहे, त्याला दिसेल अशी. त्याविषयी घरात कुणी काही बोलत नाही.