मोटारसायकलचे मागचे ब्रेक लायनर घरी कसे बदलावेत?



मागच्या पावसाळ्यात गटाचा हप्ता भरायला बँकेत निघाले होते. गाडी मी चालवत होते, मागे आमच्या गटाच्या सचिव ताई. गावाबाहेरच्या उतारावर मागचा ब्रेक दाबला, तर पायडल सरळ खाली गेलं. गाडी काही थांबेना! गिअर कमी केला, पुढचा ब्रेक हळूहळू दाबला आणि बांधाला लागून कशीबशी थांबलो.

चूक माझीच होती. ब्रेक कमी लागतोय असं वाटलं की मी मागचा नट आवळायचे. आत लायनर संपलेत हे कधी उघडून पाहिलंच नाही. त्यानंतर मेकॅनिक दादांजवळ बसून हे काम शिकले. आता घरीच करते.

आधी समजून घेऊ

मागच्या चाकाच्या मधोमध ड्रम असतो. त्यात दोन अर्धगोल लायनर बसवलेले असतात. पायडल दाबलं की दांडी ओढली जाते, आतला कॅम फिरतो, लायनर फाकतात आणि ड्रमला घासून चाक थांबतं. दर वेळी लायनर थोडे झिजतात. नट आवळल्याने दांडीचा ढिलेपणा जातो, झिजलेला लायनर काही भरून येत नाही.

कधी बदलायचे?

बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या प्लेटवर एक खूण आणि तिच्याजवळ एक काटा असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर काटा खुणेला भिडला, म्हणजे लायनर संपले. दांडीचा नट शेवटापर्यंत आवळून झाला किंवा करकर आवाज येऊ लागला, तरी उघडून बघा. लायनरचा थर २ मिमी किंवा त्याहून कमी उरला असेल तर बदलाच.

काय लागेल?

आपल्या गाडीच्या मॉडेलचा लायनरचा जोड, स्प्रिंग, पाने, पक्कड, पॉलिश पेपर, थोडं ग्रीस, ओलं फडकं आणि नवी स्प्लिट पिन.

काम असं करा

१. गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावा. किल्ली काढा. पुढच्या चाकाला वीट लावा. चाक गार होऊ द्या.

२. मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. चेनच्या दोन्ही खुणा कुठे आहेत ते फोटोत दिसलं पाहिजे.

३. ब्रेकच्या दांडीचा नट काढा. स्प्रिंग आणि पिन परत दांडीवरच अडकवा, म्हणजे हरवत नाही. ब्रेक प्लेटला धरणाऱ्या पट्टीचा नटही काढा.

४. ॲक्सलचा नट काढून ॲक्सल ओढून घ्या. बुश कोणत्या बाजूचा ते लक्षात ठेवा. चाक बाहेर काढा. बऱ्याच गाड्यांत चेन जागेवरच राहते.

५. ब्रेक प्लेट वेगळी करा. आतली धूळ फुंकू नका, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा. लेकरं जवळ नकोत.

६. दोन्ही लायनर आपल्याकडे दुमडून उचला, स्प्रिंग सैल पडते. बोटं सांभाळा.

७. कॅम आणि खुंटीला अगदी थोडं ग्रीस लावा. लायनरला किंवा ड्रमला ग्रीसचा हातही लागता कामा नये, नाहीतर ब्रेक लागणार नाही.

८. ड्रमवर पॉलिश पेपर हलका फिरवून पुसा. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास लिहिलेला असतो, उदाहरणार्थ ११० मिमीच्या ड्रमला १११ मिमी. तेवढा झिजला असेल किंवा खोल चर पडले असतील तर मेकॅनिकला दाखवा.

९. नव्या लायनरना स्प्रिंग अडकवा, तसेच दुमडून जागेवर दाबून बसवा. दोन्ही लायनर एकदमच बदला.

१०. उलट क्रमाने जोडा. पट्टीचा नट आणि नवी स्प्लिट पिन विसरू नका. चेनच्या खुणा दोन्हीकडे सारख्या ठेवा. दांडी लावल्यावर पायडल जोरात दाबून धरा आणि मगच ॲक्सलचा नट घट्ट करा.

शेवटची तपासणी

पायडल दोन ते तीन सेंटिमीटर मोकळं खाली जावं आणि मग ब्रेक लागावा. पायडल सोडल्यावर चाक हाताने मोकळं फिरावं. मागचा लाल दिवा लागतो का बघा. आधी अंगणात गाडी ढकलून ब्रेक दाबा, मग हळू चालवा. नवे लायनर ड्रमला बसायला थोडा वेळ घेतात, तोवर गर्दीत आणि उतारावर जाऊ नका. पहिल्यांदा काम केलं असेल तर मेकॅनिककडून ॲक्सलचा नट तपासून घ्या. त्यात लाज कसली?

हे घरी करू नका

स्कूटरचा सायलेन्सर काढावा लागतो आणि मागचा नट फार घट्ट असतो. तिची तपासणी आपण करू, उघडणं मेकॅनिककडे. एप्रिल २०१९ नंतरच्या बऱ्याच लहान गाड्यांत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही लागतो. तिथे दोन्ही ब्रेकचा मेळ मेकॅनिककडूनच बसवून घ्या.

पुढच्या बैठकीसाठी

बचतीचा हिशेब झाला की बाहेर उभ्या गाड्यांचा काटा आणि पायडल सगळ्यांनी मिळून तपासा. पाच मिनिटांचं काम आहे. कर्जाचा हप्ता एक दिवस उशिरा भरता येतो, पण उतारावरची गाडी उशिरा थांबून चालत नाही.