हवेच्या आकड्यावर शिक्का

जानेवारी २०१६मध्ये मुंबईत देवनारची कचराभूमी पेटली आणि गोवंडीने धूर गिळला. अशा वस्तीतल्या गच्चीवर हवामापक लावला, तर त्याचा आकडा लपवायचा नसतो. सगळ्यांना दाखवायचाच असतो. खात्री एवढीच हवी, की तो आपल्याच मापकाने पाठवला आणि वाटेत कुणी फिरवला नाही. म्हणजे कुलूप नको, शिक्का हवा. त्यासाठी २००७ सालचे ‘प्रेझेंट’ हे हलके एन्क्रिप्शन वापरून एक छोटे सर्किट बांधू.

साहित्य: आइस४० जातीचा लहान एफपीजीए बोर्ड, पीएम २.५ सेन्सर, लिहिता-पुसता येणारी थोडी कायमस्वरूपी मेमरी, संगणकावर व्हेरिलॉगची मोफत साधने.

कृती

१. आधी संदेश आखा. मापकाचा क्रमांक २ बाइट, हवेचा आकडा २ बाइट, अनुक्रमांक ४ बाइट. एकूण ६४ बिट, म्हणजे प्रेझेंटचा बरोबर एक ठोकळा. तो गुप्त किल्लीने एन्क्रिप्ट केला, की जे निघते तोच शिक्का. दर १५ मिनिटांनी एक संदेश धरला तर वर्षाला ३५,०४० होतात. २ बाइटांचा अनुक्रमांक दोन वर्षेही पुरत नाही, म्हणून ४.

२. ६४ बिटांचे डेटा-रजिस्टर आणि ८० बिटांचे किल्ली-रजिस्टर मांडा. हे १४४ फ्लिप-फ्लॉपच सर्वांत जास्त जागा खातात आणि ते टाळता येत नाहीत. काटकसर उरलेल्या भागात करायची.

३. एस-बॉक्स, म्हणजे चार बिटांच्या जागी दुसरे चार बिट देणारा भाग, १६ ऐवजी एकच ठेवा. ० ते १५ या आकड्यांना अनुक्रमे १२, ५, ६, ११, ९, ०, १०, १३, ३, १४, १५, ८, ४, ७, १, २ द्या. या बोर्डावर तो चार लूकअप-तक्त्यांत मावतो.

४. दर क्लॉकला चार बिट घ्या, किल्लीच्या चार बिटांशी एक्सॉर करा, एस-बॉक्समधून काढून परत ठेवा. अशा १६ खेपा झाल्या, की सतराव्या क्लॉकला बिटांच्या जागा बदला: ‘न’ क्रमांकाचा बिट १६ × न ला ६३ने भागून उरलेल्या जागी जातो, ६३वा मात्र जागचा हलत नाही. यात गणित करायला गेट लागत नाही, नुसत्या तारा वळवायच्या. या सतरा क्लॉकची एक फेरी.

५. प्रत्येक फेरीनंतर किल्ली ६१ बिट डावीकडे फिरवा, वरचे चार बिट एस-बॉक्समधून काढा, १९ ते १५ या बिटांत फेरीचा क्रमांक एक्सॉर करा. ३१ फेऱ्यांनंतर शेवटची किल्ली मिसळायला विसरू नका. नवखे हमखास इथेच अडतात.

६. उलटे एन्क्रिप्शन बांधूच नका. मापकाला शिक्का मारायचा आहे, उघडायचा नाही. अर्धे काम इथेच वाचते.

७. किल्ली आणि मजकूर, दोन्ही शून्य देऊन चालवा. उत्तर ५५७९ सी१३८ ७बी२२ ८४४५ आले, तरच पुढे जा.

८. वीज गेली तरी अनुक्रमांक मागे जाता कामा नये. दर संदेशाला मेमरी झिजवू नका. ९६ने, म्हणजे एका दिवसाने, पुढचा आकडा आधीच लिहून ठेवा, तिथे पोचलात की पुन्हा तसाच लिहा आणि चालू होताना लिहिलेल्या आकड्यापासूनच सुरू करा.

९. ठोकळा आणि त्याचा शिक्का मिळून १६ बाइट पाठवा. घेणाऱ्याने त्याच किल्लीने शिक्का पुन्हा काढून ताडावा. अनुक्रमांक आधीच्यापेक्षा मोठा नसेल तर संदेश टाकून द्यावा.

एका शिक्क्याला साधारण साडेपाचशे क्लॉक लागतात. १ मेगाहर्ट्झवर ते जेमतेम अर्धा मिलिसेकंद. पाऊण तासात तीनदाच बोलणाऱ्या मापकाला याहून घाई कशाला?

टीप: प्रत्येक मापकाची किल्ली वेगळी ठेवा, म्हणजे एक चोरीला गेला तरी बाकीचे शाबूत राहतात. ८० बिटांची किल्ली सरावापुरती ठीक आहे. प्रत्यक्ष वापराला १२८ बिटांची घ्या. आकडा लपवायचाही असेल, तर अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०२३मध्ये निवडलेले ‘अस्कॉन’ बघा. त्यात कुलूप आणि शिक्का एकत्र मिळतात, पण अवस्थाच ३२० बिटांची असल्याने जागा जास्त लागते.