दंतसहायक : एक दुर्लक्षित व्यवसाय

बी. ए. झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकापुढे आहे. बी. एड., स्पर्धा परीक्षा, बँक, नाहीतर मांडव्याहून लाँच पकडून मुंबई, यापलीकडे आपली यादी सहसा जात नाही. दंतवैद्याचे सहायक होणे हा मार्ग तीत क्वचितच असतो. गेली दोन वर्षे मी अलिबागेत एका दंतवैद्यांकडे संध्याकाळी हे काम करीत आहे. त्या अनुभवावरून या व्यवसायाची ओळख करून देण्याचा हा अल्प प्रयत्न.

१८८५ च्या सुमारास अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी डॉ. एडमंड केल्स यांनी मदतनीस म्हणून एका स्त्रीची नेमणूक केली. त्या काळी स्त्रिया सोबतीवाचून दंतवैद्याकडे जात नसत. दवाखान्यात बाई हजर असते हे कळल्यावर त्या एकट्याही येऊ लागल्या. गोष्ट दूरची वाटेल, पण आपल्या किनाऱ्यावर ती आजही खरी आहे. वर्षानुवर्षे मिश्री लावणाऱ्या कित्येक बायका डॉक्टरांपुढे तोंड उघडायला लाजतात. त्यांच्याच बोलीत आपुलकीने विचारले, की सवय किती वर्षांची, कोठे झोंबते, सारे सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तोंडातला पांढरा चट्टा किंवा बरी न होणारी जखम ही कर्करोगाची पूर्वसूचना असू शकते. अशी माहिती डॉक्टरांपर्यंत वेळेवर पोचविणे हे भाषा जाणणाऱ्याचेच काम आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आडव्या खुर्चीत रुग्णाच्या डोक्यापाशी घड्याळाचे बारा मानले, तर डॉक्टर साधारण आठ ते बाराच्या दरम्यान बसतात आणि सहायक दोन ते चारच्या. सक्शनची नळी धरणे, हवे ते हत्यार वेळेवर हाती देणे, हे त्याचे काम. दातांचे आकडे बाराखडीसारखे पाठ करावेत. तोंडाचे चार भाग, प्रत्येकात आठ दात. पहिला आकडा भागाचा, दुसरा दाताचा. म्हणून 'चार-सहा' म्हणजे खालची उजवी पहिली मोठी दाढ. दातांचे माप घेण्याची पावडर कोमट पाण्यात लवकर घट्ट होते, म्हणून उन्हाळ्यात ती गार पाण्यात कालवावी लागते.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र रुग्णाला दिसत नाही. हत्यारे घासून, धुऊन, कोरडी करून, पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसवर ठरलेला पूर्ण वेळ ठेवावी लागतात. नुसते उकळणे पुरत नाही. वापरलेली सुई पांढऱ्या टणक डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. स्वतःसाठी कावीळ-ब ची लस घ्यावी. तिचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, म्हणून सुरुवात आधीच करावी.

या कामात शिरावे कसे? १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक यांच्या नोंदवह्या ठरविल्या. त्यांत सहायकाची नोंदवही नव्हती. हायजिनिस्ट व मेकॅनिक हे अभ्यासक्रम विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यांसाठी. सहायकाचे काम मात्र बहुधा दवाखान्यातच, हाताने शिकले जाते. म्हणून जवळच्या दंतवैद्यांना भेटावे, चार दिवस नुसते पाहू देण्याची विनंती करावी. पनवेल तालुक्यात खारघर व कामोठे येथे दंत महाविद्यालये आहेत, तेथेही चौकशी करावी. पगार व वेळ आधीच ठरवून घ्यावी आणि काम सोडताना अनुभवाचा लेखी दाखला मागून घ्यावा. जेथे नोंदवहीचा आधार नाही, तेथे हा दाखलाच आपली ओळख.

आणखी एक गोष्ट. दात काढणे, भूल देणे, औषध सांगणे हे सहायकाचे काम नव्हे. गावात दोन-चार वर्षे काढली की शेजारीपाजारी म्हणू लागतात, "ताई, डॉक्टर कशाला, तूच बघ ना!" अशा वेळी नम्रपणे नाही म्हणून त्यांना दवाखान्याची वाट दाखविणे, हा या व्यवसायातला शेवटचा आणि सर्वांत अवघड धडा आहे.