आणीबाणीची तयारी : जिना उतरू न शकणाऱ्यांसाठी

१६ एप्रिल २०२४ चा पाऊस आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. अल ऐनजवळच्या खत्म अल शक्ला येथे २४ तासांच्या आत २५४ मि.मी.हून अधिक पाऊस झाला. १९४९ पासूनच्या नोंदींतला हा उच्चांक. दुबई-शारजात रस्ते पाण्याखाली गेले, काही इमारतींत वीज आणि लिफ्ट बंद पडल्या. धडधाकट माणसाची गैरसोय झाली; पण चौदाव्या मजल्यावर व्हीलचेअरवर असलेल्या आजोबांनी अशा वेळी काय करावे? मुलगा-सून ऑफिसात अडकलेली, घरी फक्त आजी.

या देशात दिव्यांगांच्या हक्कांसाठी २००६ चा संघीय कायदा क्र. २९ आहे. २०१७ पासून त्यांना ‘दृढनिश्चयी व्यक्ती’ अशा अर्थाच्या सन्मानाच्या नावाने संबोधले जाते. पोलीस (९९९), रुग्णवाहिका (९९८) आणि अग्निशमन दल (९९७) तत्पर आहेत. तरीही मदत पोचेपर्यंतचा काळ आपल्यालाच निभवावा लागतो. म्हणून वाचकहो, पहिला मदतनीस आपल्याच मजल्यावरचा हवा.

१. शेजारी ठरवा. दिवसा घरी असणाऱ्या दोन कुटुंबांना विचारून ठेवा, जास्तीची किल्ली द्या. वॉचमनलाही सांगा की या फ्लॅटमधील व्यक्ती जिना उतरू शकत नाही.

२. आग लागल्यास लिफ्ट वापरू नये. जिन्यात धूर नसेल, तर अग्निरोधक दाराच्या आत, जिन्याच्या चौकात सोबत्यासह थांबावे. बाहेर धूर असल्यास घरातच राहून दार लावावे, फटीत ओले कापड कोंबावे आणि ९९७ ला इमारत, मजला, फ्लॅट क्रमांक व ‘चालता येत नाही’ हे आधी सांगावे.

३. औषधांचा कागद. आई-वडील भारतातून औषधे आणतात. त्यांवरील ब्रँडचे नाव इथल्या डॉक्टरांना ठाऊक असेलच असे नाही. औषधाचे मूळ नाव, मात्रा, आजार, ॲलर्जी आणि तुमचा मोबाईल इंग्रजीत लिहून त्यांच्या खिशात ठेवा. फक्त मराठी बोलणाऱ्यांसाठी तो कागदच बोलतो. आठवड्याची औषधे शिल्लक असू द्या. फिटची गोळी एक दिवसही चुकू नये.

४. वीज गेल्यास. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, म्हणून भरलेला सिलिंडर जवळ हवा. उजेडासाठी टॉर्च वापरा, मेणबत्ती नको. ऑक्सिजनजवळ ज्योत घातक ठरते. फ्रीज वारंवार उघडू नका. इन्शुलिन थेट बर्फाला टेकवू नका. गोठलेले इन्शुलिन निकामी होते.

५. डायलिसिसची पाळी चुकण्याची शक्यता असेल, तर केंद्राला लगेच कळवा. तोवर पाणी व मीठ मोजून घ्या. खजूर, केळी, नारळपाणी टाळा. त्यांतील पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

६. स्वमग्न मुले अलार्मच्या आवाजाने बिथरून लपून बसतात. तो आवाज मोबाईलवर हळू ऐकवत सवय लावा, जिन्याने उतरण्याचा सराव खेळ म्हणून करा. ऐकू न येणाऱ्यांसाठी प्रकाशाने इशारा देणारा अलार्म बसवा.

ही सर्व तयारी एका सुट्टीच्या दिवशी होण्यासारखी आहे. मात्र ती करताना आजी-आजोबांना, मुलांना सोबत बसवा. त्यांना कसे उचलावे, कुठे दुखते, कशाची भीती वाटते, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. आणि तुमच्या घरी असे कोणी नसेल, तर शेजारच्या दारावर जाऊन विचारा : “काका, वेळ आली तर मी येऊ का?”